शेक सुरू व्हायच्या आधी दात दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात एकच धावपळ सुरू होते. परळला टाटामध्ये कधी दाखवायचं, मुंबईत कुणाकडे उतरायचं, महात्मा फुले योजनेचे कागद कुठे मिळतील. त्यात दातांची आठवण कुणाला होणार? "आधी जीव वाचू दे, दातांचं मग बघू," असंच सगळे म्हणतात. मी दातांची डॉक्टर आहे आणि माझं कळकळीचं सांगणं आहे, दातांचं आधी बघा. किरणोपचार, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो, ते सुरू व्हायच्या आधी.

शेक बहुधा सहा-सात आठवडे चालतात, आठवड्यातून पाच दिवस. किरणं गाठ जाळतात, पण त्यांच्या वाटेत आलेल्या जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही आकसून जातात. रक्त पोचेनासं झालेल्या हाडाची जखम भरत नाही. खालच्या जबड्याला हा धोका जास्त. शेक घेतलेल्या भागातला दात नंतर काढला, तर कधी कधी त्याचा खळगा महिनोन्‌महिने उघडाच राहतो. आत पिवळट हाड दिसतं, पू येतो, जबडा मोडतोही. हे 10 वर्षांनंतरही होऊ शकतं. म्हणून किडलेला, हलणारा, वाचण्यासारखा नसलेला दात आधीच काढायचा आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतील असं बघायचं. दातापायी कॅन्सरचा उपचार मात्र लांबवू नका. त्यासाठीच निदान झालं त्याच आठवड्यात दात दाखवा.

दुसरी गोष्ट लाळेची. लाळ आम्ल धुऊन दात राखते. शेकाने लाळग्रंथी सुकल्या, की आयुष्यात कधी न किडलेले दातही काही महिन्यांत हिरडीलगत काळे पडून तुटू लागतात. कोरड पडली म्हणून आपल्याकडे आमसूल नाहीतर आवळासुपारी तोंडात धरतात. बरं वाटतं खरं, पण त्या आंबटाने दात आणखी झिजतात. त्यापेक्षा पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि घोट-घोट पीत राहा. डॉक्टर तुमच्या दातांच्या मापाचा मऊ ट्रे करून देतात. झोपण्यापूर्वी दात घासायचे, ट्रेमध्ये फ्लोराइडच्या जेलची बारीक रेघ ओढायची, पाच मिनिटं दातांवर बसवायचा, मग थुंकायचं. चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. हे बहुतेकांना जन्मभर रोज करावं लागतं. कंटाळा येतो, मला ठाऊक आहे. तरी करा.

शेक चालू असताना तोंड सोलवटतं. तेव्हा आपली पेज फार कामाची, कोमट आणि मऊसर. तिखट आणि सोलकढी तेवढे दिवस बाजूला. लीटरभर कोमट पाण्यात छोटा चमचा मीठ आणि छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करा. आणि तोंड उघडत राहा. पुढच्या दातांमध्ये आपली तीन बोटं उभी मावायला हवीत. मावेनाशी झाली तर लगेच सांगा, व्यायाम आहेत.

मशेरीबद्दल बोलायलाच हवं. दात ठणकला की बायका मशेरी लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. उपचारानंतरही तिची सवय सुटली नाही, तर कॅन्सर पुन्हा होण्याची भीती असते. श्रीवर्धनच्या सुपारीचा आपल्याला अभिमान, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. बागायतदारांना हे ऐकून वाईट वाटेल, मलाही वाटतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बऱ्या झालेल्यांची. काही वर्षांनी दाढ दुखते, माणूस राजापूरला, कणकवलीला जवळच्या दवाखान्यात जातो आणि जुन्या आजाराचं नावही काढत नाही. "ते केव्हाच बरं झालं" म्हणून. असं करू नका. खुर्चीत बसताच सांगा, "मी शेक घेतलेत." कोणत्या बाजूला, किती ग्रे (शेकाची मात्रा ग्रेमध्ये मोजतात) आणि कधी संपले, हे रुग्णालयाच्या कागदावर असतं. त्याची झेरॉक्स आधार कार्डासोबत ठेवा. फाइल मुंबईच्या घरी राहिली असेल, तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला आजच फोन करून ती मागवून घ्या.