चादर बदलली नाही, तर कष्ट कुणाचे वाचले?

श्रोतेहो, नमस्कार. स्वच्छतेत आपलं इंदूर 2017 पासून देशात अग्रेसर आहे, याचा आपल्याला अभिमान आहेच. आज मला बोलायचंय ते इथल्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या माणसांबद्दल.

आपल्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो. घरी तो आपण करतो. हॉटेलात मात्र पाहुणा फळांची सालं, बाटल्या, दाढीचं ब्लेड, सॅनिटरी पॅड, सगळं एकाच डब्यात टाकून निघून जातो. ते निवडते हाऊसकीपिंगची मुलगी, पुष्कळदा पातळशा हातमोज्यांनी. ओला कचरा पुढे देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो आणि त्याचा बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांना चालणारा इंधनवायू होतो. रोज 550 टन कचरा पेलणारा तो प्रकल्प नीट चालायचा, तर सुरुवात तिच्या हातून होते. हे तिला कुणी समजावून सांगतं का? जाड हातमोजे आणि निवडायला वेळ देतं का?

आता चादरीचं बघा. ‘रोज बदलायची नसेल तर हे कार्ड पलंगावर ठेवा,’ अशी सोय बऱ्याच हॉटेलांत असते. नर्मदेचं पाणी आपल्याकडे जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी चढवून येतं. तेव्हा ही बचत लहान नाही. शिवाय जड गादीचे चारही कोपरे उचलून चादर खोचताना कंबर नि मनगटं भरून येतात. एक पलंग कमी झाला तरी जिवाला आराम. पण व्यवस्थापनानं लगेच पाळीतल्या खोल्या वाढवल्या, तर तो आराम गेलाच. अमेरिका-कॅनडात तर सफाई नाकारणाऱ्या पाहुण्यांना सवलती दिल्या गेल्या, कामगारांचे तास घटले आणि त्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. पर्यावरणाच्या नावाखाली कुणाची मजुरी कापली जात असेल, तर माझ्या मते ते चूकच आहे.

रसायनांचं उलट आहे. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. सौम्य द्रव्यं आणली, ती वापरायला नीट शिकवलं, की पहिला फायदा कामगारालाच. असे निर्णय घेताना मॅनेजरसाहेबांनी तिलाही बैठकीला बसवावं. कुठला नळ गळतो, कुठल्या खोलीत एसी उगाच चालू राहतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि वीजबिल घटलं, तर त्यातला वाटा तिच्या पगारातही दिसू द्या.

आपण हॉटेलात उतरलो, तर ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं ठेवूया. आणि ते चादरीचं कार्ड ती खोलीत यायच्या आधीच पलंगावर ठेवूया.