मुक्कामी विमान

नमस्कार श्रोतेहो.

मुक्कामी गाडी म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहील. रात्री साडेआठ-नऊला धुरळा उडवत शेवटची एसटी गावात यायची. ड्रायव्हर-कंडक्टर चावडीत नाहीतर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे, आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी तालुक्याला निघायची. कोर्टाची तारीख, दवाखाना, कॉलेज, पुढची पुण्या-मुंबईची गाडी, सगळं त्या एका फेरीवर. दुपारची फेरी रद्द झाली तर लोक कुरकुरत. मुक्कामी बंद झाली तर मोर्चा निघे.

आज मी तुमच्याशी अमेरिकेतल्या मुक्कामी गाडीविषयी बोलणार आहे. तिला पंख आहेत, एवढाच फरक.

मी काही वर्षं इलिनॉय राज्यात ब्लूमिंग्टनला होतो. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय त्या गावात, त्यामुळे सॉफ्टवेअरची कामं करणारी आपली मंडळी तिथे भरपूर. चहूकडे मका आणि सोयाबीन, आणि त्याच्या कडेला एक नेटका, छोटा विमानतळ. रात्री उशिरा शिकागोहून शेवटचं विमान यायचं आणि तिथेच उघड्यावर उभं राहायचं. हिवाळ्यात पहाटे त्याच्यावर गरम द्रवाचा फवारा मारून बर्फ उतरवायचा, आणि सहाच्या सुमाराला ते परत शिकागोला. हवेतला प्रवास जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा. शिकागो गाडीनेही अडीच तासांवर आहे, मग विमान कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्या विमानाने शिकागोला जायचं नसतंच. शिकागोत ते सातला पोचतं, आणि सात ते नऊच्या दरम्यान तिथून देशभराची विमानं सुटतात. पहाटेची फेरी पकडली की दुपारी तुम्ही कॅलिफोर्नियात. ती चुकली की अख्खा दिवस गेला.

तर या मुक्कामी विमानाचं गेल्या तीस वर्षांत काय झालं, ते सांगतो.

पूर्वी अशा गावांना पंख्याची विमानं यायची. १९ आसनांचं बीचक्राफ्ट, ३४ आसनांचं साब. आवाज मोठा, हेलकावे भरपूर, पण फेऱ्या दिवसाला सहा-सहा, सात-सात. १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेलं एटीआर ७२ रोझलॉनजवळच्या शेतात कोसळलं आणि ६८ माणसं गेली. कारण पंखांवर साठलेला बर्फ. ते चालवणाऱ्या अमेरिकन ईगल कंपनीने नंतर आपली एटीआर उत्तरेतून काढून उबदार प्रदेशात नेली. पंख्याच्या विमानांवरचा लोकांचा विश्वास तेव्हा डळमळला, आणि नेमकी त्याच सुमाराला ५० आसनांची छोटी जेट विमानं बाजारात आली. कॅनडाच्या बॉम्बार्डियरचं सीआरजे, ब्राझीलच्या एम्ब्राएरचं १४५. आमच्या गावालाही जेट येतं, हे सांगताना नगरपालिकेची छाती फुगायची. गंमत अशी, की तेच एटीआर आज आपल्याकडे जळगावला, कोल्हापूरला बिनघोर उतरतं. आपल्याकडे बर्फ नाही, आणि छोट्या अंतरावर ते जेटपेक्षा पुष्कळ कमी इंधन पितं.

त्या ५० आसनी जेटमध्ये माझी आई पहिल्यांदा बसली तेव्हाची गोष्ट. विमानाच्या दारात एका कर्मचाऱ्याने तिची चाकांची बॅग हातातून घेतली, तिला एक चिठ्ठी बांधली आणि ट्रॉलीवर ठेवली. वरच्या कप्प्यात तसली बॅग मावतच नाही, उतरल्यावर दारातच परत मिळते, ही तिथली रोजची रीत. पण आईला वाटलं जप्ती आली. बॅगेत गोडा मसाला होता. शिकागो येईपर्यंत ती खिडकीतून खाली वाकून वाकून बघत होती.

या जेट विमानांत एक खोट मात्र होती. इंधन स्वस्त आणि पायलट स्वस्त असेपर्यंतच हिशोब जुळायचा. विमान ५० आसनांचं असो की ७६ आसनांचं, कॉकपिटमध्ये माणसं दोनच लागतात. त्या काळी छोट्या कंपनीतल्या नव्या सहवैमानिकाला वर्षाला वीस हजार डॉलरच्या आसपास मिळायचे. अमेरिकेच्या मानाने तो पगार म्हणजे थट्टाच. २००८ मध्ये तेल भडकलं आणि पहिला धक्का बसला. दुसरा धक्का १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री. नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं विमान उतरता उतरता एका घरावर पडलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जीव गेले. चौकशीत वैमानिकांचं प्रशिक्षण, थकवा, तुटपुंजा पगार, सगळं बाहेर आलं. मृतांचे नातेवाईक वॉशिंग्टनला ठाण मांडून बसले आणि २०१० मध्ये कायदा झाला. २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला, काही सवलती वगळता, १५०० तासांचं उड्डाण आवश्यक ठरलं. त्या अपघातातल्या दोघाही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते, हे इथे सांगायला हवं. त्यावरून आजही वाद आहे. सुरक्षिततेच्या नियमावर टीका करायला माझी जीभ रेटत नाही, पण या नियमाने गावांच्या विमानांवर जे परिणाम केले ते अजब आहेत.

ग्रेट लेक्स नावाची एक कंपनी वायोमिंगमधल्या शायेनहून चालायची. तिची विमानं १९ आसनांची. ९ आसनांपर्यंतच्या विमानाला वेगळी, सैल नियमावली लागू होते. तर या कंपनीने काही विमानांतून दहा-दहा खुर्च्या उपटून काढल्या! तेच विमान, तेच इंजिन, पण कायद्याच्या लेखी लहान. तरीही २०१८ च्या मार्चमध्ये तिने गाशा गुंडाळलाच. काँटूर नावाच्या दुसऱ्या कंपनीने हाच हिशोब जेटला लावला. ५० आसनांचं एम्ब्राएर घ्यायचं, त्यात ३० खुर्च्या ठेवायच्या आणि वेगळ्या परवान्यावर चालवायचं. प्रवासी खूश, कारण पाय ताणायला जागा. पायलटांची मोठी संघटना नाखूश, कारण तिला ही पळवाट वाटते. दोघांचंही खरं आहे.

मग करोना आला. मोठ्या कंपन्यांनी वयस्क पायलटांना मुदतीआधी घरी पाठवलं, आणि २०२१ मध्ये गर्दी परतली तेव्हा छोट्या कंपन्यांतले पायलट भराभर उचलले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या कंपनीने सरकारी अनुदानावरची एकदम २९ गावांची सेवा बंद करण्याची नोटीस दिली. नॉर्थ डकोटातलं डेव्हिल्स लेक, कॅन्ससमधलं डॉज सिटी, केंटकीतलं पड्यूका, विस्कॉन्सिनमधलं ओ क्लेअर, अशी सगळी. वाहतूक खात्याने सांगितलं, दुसरी कंपनी मिळेपर्यंत हलायचं नाही. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने टोलीडो, इथाका आणि आयोवातलं डब्यूक सोडलं. इथाका म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाचं गाव, आपली मुलं तिथे बरीच.

यातल्या ओ क्लेअरची हकिगत ऐका. तिथून ५० आसनांचं विमान शिकागोला जायचं. त्याच्या जागी सन कंट्री कंपनीचं १८६ आसनांचं बोइंग आलं. म्हणजे प्रगतीच की! पण ते आठवड्यातून दोन-तीनदा, आणि जायचं फ्लोरिडासारख्या सुट्टीच्या ठिकाणी. थंडीने गारठलेल्या माणसाला समुद्रावर न्यायची सोय उत्तम झाली. पण सोमवारी पहाटे शिकागोमार्गे कामाला निघणाऱ्याचं काय? विमान जवळपास चौपट मोठं झालं आणि मुक्कामी गाडी गेली.

मला आज सांगायचं आहे ते इतकंच. गावाच्या विमानतळावर मोठं विमान आलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, फीत कापली जाते. पण हिशोब करून बघा. ५० आसनांच्या पाच फेऱ्या म्हणजे २५० जागा. ७६ आसनांच्या तीन फेऱ्या म्हणजे २२८. कागदावर जवळपास तेवढंच. पण मुंबईहून दिल्लीमार्गे शिकागोला उतरलेल्या, इमिग्रेशनच्या रांगेत दोन तास उभ्या असलेल्या, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा केलेल्या आई-वडिलांना विचारा. पाच फेऱ्यांत एक चुकली तर पुढची तीन तासांनी. तीन फेऱ्यांत शेवटची चुकली तर रात्र बाकावर. माझ्या आई-वडिलांची तशी एक रात्र गेली आहे. कंपनीचं नाव घेत नाही. तिने दिलेलं जेवणाचं कूपन रात्री अकराला बंद असलेल्या दुकानांचं होतं.

आता ७६ हाच आकडा का? ८० का नाही, ९० का नाही? हा आकडा इंजिनियरने ठरवलेला नाही, करारात ठरला आहे. मोठ्या कंपन्यांच्या पायलटांनी व्यवस्थापनाकडून लिहून घेतलंय, की आमच्या कंपनीचा रंग लावून दुसऱ्याकडून चालवून घ्यायची विमानं ७६ आसनांपेक्षा मोठी नकोत आणि वजनाने ८६,००० पौंडांपेक्षा भारी नकोत. नाहीतर आमचं काम स्वस्तातल्या पायलटांकडे जाईल. पुन्हा लहान-मोठ्या विमानांच्या संख्येवरही मर्यादा. परिणाम काय? एम्ब्राएरने आपल्या ७६ आसनी १७५ या विमानाची नवी, कमी इंधन पिणारी आवृत्ती बनवली. तिची इंजिनं जड, वजन मर्यादेबाहेर गेलं, आणि अमेरिकेत ती सेवेत आलीच नाही. जुनीच आवृत्ती अजून बनते आणि विकली जाते. युनायटेड एअरलाइन्सने २०१९ मध्ये आणखी एक डोकं लढवलं. ७० आसनांच्या सीआरजेमध्ये फक्त ५० खुर्च्या बसवल्या, म्हणजे करारात ते ५० चंच विमान. उरलेल्या जागेत पहिल्या वर्गाच्या ऐसपैस खुर्च्या आणि बॅगांसाठी चक्क कपाटं. माझ्या आईचा गोडा मसाला त्यात सुखाने बसला असता.

तुम्ही म्हणाल, तोट्यातल्या गावांना विमान मिळतंच कसं? १९७८ पर्यंत कुठे उडायचं आणि किती भाडं घ्यायचं हे तिथलं सरकारी मंडळ ठरवायचं. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि सगळं खुलं झालं. छोटी गावं उघडी पडणार हे दिसत होतं, म्हणून त्या वेळी ज्यांना सेवा होती त्यांच्यासाठी अनुदानाची योजना ठेवली. दहा वर्षांपुरती म्हणून सुरू झालेली ती योजना आजही चालू आहे. आपल्या ‘उडान’ची ही थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. २७ एप्रिल २०१७ ला नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ते चालवणारी ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. अनुदानावरचं विमान कसं येतं आणि कसं जातं, हे नांदेडकरांना वेगळं सांगायला नको.

आणखी एक धागा कोल्हापूरला येतो. संजय घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ मध्ये सुरू झाली ती ५० आसनांच्या एम्ब्राएर १४५ वर. अमेरिकेत ज्यांना वाळवंटात नेऊन उभं केलं जात होतं, त्याच जातीची विमानं. आणि २०२३ मध्ये स्टार एअरने पुढची विमानं आणली ती एम्ब्राएर १७५, आसनं ७६. आपल्याकडे पायलटांचा तसला करार नाही, तरी आकडा तोच.

काही गावांत तर विमान जाऊन त्याच्या जागी बस आली आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनहून फिलाडेल्फियाला अमेरिकन एअरलाइन्सच्या तिकिटावर २०२२ पासून बस धावते. तिला फ्लाइट नंबर आहे. सुरक्षा तपासणी ॲलनटाउनलाच होते आणि बस थेट फिलाडेल्फिया विमानतळाच्या तपासणीपलीकडच्या भागात सोडते. हसू नका. ती बर्फातसुद्धा बरीच वेळेवर निघते, आणि तासाभराच्या अंतरावर मी तरी विमानापेक्षा तीच घेईन. फक्त तिकीट काढताना वाहनाचा प्रकार नीट वाचा, आणि ‘चालवणारी कंपनी’ ही बारीक अक्षरातली ओळसुद्धा. शेपटीवर नाव एकाचं असतं, विमान दुसऱ्याचं.

जाता जाता इंडियानातल्या वेस्ट लफायेटविषयी. पर्ड्यू विद्यापीठाचं गाव. अमेरिकेत विद्यापीठाच्या मालकीचा पहिला विमानतळ तिथला. प्रसिद्ध महिला वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या शेवटच्या प्रवासाचं विमान पर्ड्यूनेच जमवलेल्या पैशांतून आलं होतं. अशा गावाची प्रवासी सेवा २००४ मध्ये बंद पडली आणि मे २०२४ मध्ये, वीस वर्षांनी, पुन्हा शिकागोला विमान सुटलं. ९ आसनांचं, एका इंजिनाचं, पंख्याचं सेस्ना.

माझ्या मित्राची मुलगी तिथे शिकते. तिने त्या विमानाने जाऊन आल्यावर फोन केला. ‘‘काका, बॅगेचं वजन केलं ते ठीक, पण त्यांनी माझंही वजन विचारलं! आणि मी पायलटच्या मागे इतकी जवळ बसले होते, की त्याचे सगळे काटे मला दिसत होते.’’ तिला भारी वाटत होतं. मी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते रात्री कुठे असतं गं? तुमच्याकडे की शिकागोला?’’

‘‘काय माहीत काका. का?’’

नमस्कार.