कवड्यांचा हिशेब आणि त्याच्या शेजारची संख्या

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बुद्धिबळावर इतके प्रेम करणाऱ्या या गावात दुपटीचे गणित सांगायचे म्हणजे पटाच्या चौसष्ट घरांत दुप्पट होत जाणाऱ्या दाण्यांच्या गोष्टीपासूनच आरंभ करावा, अशी आपली अपेक्षा असेल. पण ती गोष्ट इथे लहान मुलांनाही पाठ असते, म्हणून मी तीसच दिवसांच्या एका हिशेबाकडे वळतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत महिनाभर दान चालू ठेवतो. एकूण दान २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे २०,४८० कवड्यांचा एक निष्क (त्या काळचे नाणे) धरल्यास १,०४,८५७ निष्कांहून थोडे अधिक होते.

या उत्तराहून मला त्याची रीत अधिक मोलाची वाटते. तीस ही सम संख्या, म्हणून ती निम्मी करून १५ मांडायचे व शेजारी ‘वर्ग’ लिहायचे. पंधरा विषम, म्हणून एक वजा करून १४ मांडायचे व शेजारी ‘गुण’ लिहायचे. असे शून्यापर्यंत उतरायचे, आणि मग एकापासून सुरुवात करून खालून वर येताना ‘गुण’पाशी दोनाने गुणायचे, ‘वर्ग’पाशी वर्ग करायचा. २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. दोनापासून पुढे एकोणतीस वेळा दुप्पट करण्याऐवजी सात गुणाकारांत दोनाचा तिसावा घात हाती येतो. त्यातून एक वजा करून दुप्पट केली की झाले दान. मोठे घात काढताना आजचा संगणकही याच चालीने जातो.

आता त्या दानात एकच कवडी मिळवा. २,१४,७४,८३,६४६ या संख्येला २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ या मूळ संख्यांनी भाग जातो. तिच्या लगतची २,१४,७४,८३,६४७ मात्र स्वतःच मूळ संख्या आहे. हे १७७२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी दाखवले. नुसते भागून पाहायचे तर ४६,३४० पर्यंतच्या साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. पण ही संख्या दोनाच्या एकतिसाव्या घाताहून एकने कमी असल्यामुळे तिचा मूळ अवयव असलाच, तर त्याला ६२ ने भागून बाकी १ आणि ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. म्हणजेच २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३. या एका अटीने काम सुमारे साठाव्या हिश्श्यावर आले, आणि उरलेल्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

ही संख्या मूळ ठरताच प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडचा जुना सिद्धांत लागू पडतो. भास्कराचार्यांच्या मांडणीतल्या शेवटच्या पायरीवरची १,०७,३७,४१,८२४ आणि ऑयलर यांची २,१४,७४,८३,६४७ यांचा गुणाकार २३०५८४३००८१३९९५२१२८ येतो, आणि या एकोणीस अंकी संख्येचे तिच्याहून लहान असलेले सर्व विभाजक मिळवले, तर बेरीज नेमकी तीच संख्या येते.