क्रेडल माउंटनच्या पायथ्याशी मुक्काम

(दृश्य : ऑस्ट्रेलियाचं टास्मानिया बेट, रॉनी क्रीक. उतरतं ऊन.)

शेवटच्या बस निघून गेल्या, की क्रेडल व्हॅलीतली माणसांची वर्दळ थांबते. खरं बघण्यासारखं आता सुरू होतं, म्हणूनच इथे राहायला यायचं. माळावरच्या बिळांतून वॉम्बॅट, म्हणजे कांगारूसारखे पोटाला पिशवी असलेले प्राणी, चरायला बाहेर पडतात.

(दृश्य : वॉम्बॅट, अगदी जवळून.)

बुटका, भरदार, दाट केसांचा. नाक जमिनीला टेकवून तो चरतच राहतो. गवत इतकं चिवट, की दात झिजतात. पण त्याचे दात जन्मभर वाढतात. मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते. त्यामुळे बीळ उकरताना उडणारी माती पिल्लावर पडत नाही. आणि दगडावर पडलेल्या या लेंड्या पाहा, चक्क चौकोनी! आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत कुठे ताठ, कुठे सैल असते, म्हणून हा आकार येतो.

(दृश्य : वाल्डहाइम, लाकडी घर.)

ऑस्ट्रियातून आलेला गुस्ताव वाइनडॉर्फर 1910 मध्ये पत्नी केटसोबत क्रेडल माउंटनचं शिखर चढला आणि या जागेच्या प्रेमातच पडला. 1912 मध्ये त्याने किंग बिली पाइनच्या लाकडाचं हे पाहुणेघर बांधायला घेतलं. 1916 मध्ये केट गेली. तो मात्र इथेच राहिला, हा प्रदेश राखीव व्हावा म्हणून झटत राहिला आणि 1922 मध्ये ते झालं. 1932 साली तो वारला. घरासमोरच त्याची समाधी आहे. मूळ घर पुढे पाडलं गेलं. आज दिसतं ते त्याच जागी पुन्हा उभारलेलं.

शेजारच्या साध्या केबिन आजही भाड्याने मिळतात. स्वच्छतागृह सामायिक, अंथरूण-पांघरूण आपलं आपण आणायचं. मला हा साधेपणाच आवडतो.

(दृश्य : रात्र. केबिनच्या पायरीशी पेडमेलन.)

कांगारूचाच हा छोटा भाऊबंद दाराशी येतो. कितीही लळा लागला, तरी पाव-बिस्किट देऊ नका. अशा खाण्याने वॉलबी (हीही कांगारूच्याच कुळातली) आणि पेडमेलनच्या जबड्याला जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. दिवसा पाठपिशवीही सांभाळा. काळा करावाँग पक्षी चोचीने चेन उघडतो.

(दृश्य : अंधारा रस्ता, गाडीचे दिवे.)

टास्मानियन डेव्हिल हा मांसाहारी प्राणीही याच रानात हिंडतो. 1996 मध्ये त्याच्या तोंडावरच्या संसर्गजन्य कर्करोगाची पहिली नोंद झाली आणि तेव्हापासून त्याची संख्या फार घटली. त्यात रस्त्याचं संकट. गाडीखाली मेलेली वॉलबी खायला डेव्हिल येतो आणि पुढच्या गाडीखाली सापडतो. म्हणून मुक्कामाला येताना शिधा शेफिल्ड गावातूनच भरून घ्या आणि दिवसाउजेडी केबिन गाठा. अंधारात गाडी काढावीच लागली, तर अगदी हळू चालवा.