आधी मोजा, मग पावडर टाका

नमस्कार मंडळी. अलिबाग-मुरूडकडचे बंगलेवाले आज आलेत, आणि मला जास्त बरं वाटलं ते रोज प्रत्यक्ष पोहण्याचा पूल सांभाळणारे केअरटेकर आलेत याचं. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्याशी आहे. क्लोरीन पावडरचा डबा त्यांच्याच हातात असतो.

एक प्रश्न मला सारखा विचारला जातो. बोअरवेलच्या पाण्याने पूल भरला, पाणी स्वच्छ होतं, क्लोरीन टाकलं आणि काही तासांत पाणी तांबूस झालं. चार दिवसांनी पायऱ्यांवर आणि टाइलच्या सांध्यांत तपकिरी डाग. मग म्हणतात, पावडर भेसळीची निघाली. पावडर चांगलीच होती, तिने आपलं काम केलं. आपल्या कोकणातला जांभा लोहाने भरलेला आहे. बोअरच्या पाण्यात ते लोह विरघळलेलं असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन त्याचं ऑक्सिडीकरण करतं, म्हणजे पाण्याच्या आतच गंज तयार होतो आणि तो भिंतीवर बसतो. हा डाग बघून कुणी आणखी क्लोरीन टाकलं, तर तो जाणार नाही, पक्का होईल.

म्हणून डाग दिसला की घासायला किंवा ओतायला धावू नका. आधी तो कशाचा आहे ते विचारा. औषधाच्या दुकानातली क जीवनसत्त्वाची साधी गोळी घ्या आणि अर्धा मिनिट डागावर दाबून धरा. तेवढी जागा उजळली, तर लोह. नाही उजळली, तर दुसऱ्या कोपऱ्यात थोडं क्लोरीन लावून बघा. त्याने फिका पडला, तर तो पाल्याचा डाग आहे. आंबा, बदाम, जांभूळ पुलावर झुकलेले असतात, त्यांची पानं तळाशी कुजतात. हिरवट-निळा डाग बहुधा तांब्याचा. तो कुठून येतो? शेवाळ मारायला वर्षानुवर्षं टाकलेल्या मोरचुदातून. ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि माझ्या मते ती आता सोडावी. शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यात राहतं. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर मात्र डाग नाही, तो क्षार आहे. देशावरच्या कठीण पाण्याच्या बोअरवर तो जास्त दिसतो.

लोहाचे डाग काढायची पद्धत आहे, तिला धीर लागतो. आधी क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्यायचं, कारण क्लोरीन शिल्लक असेल तर ते ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे तेच क जीवनसत्त्व, खाऊन टाकतं आणि तुमचे पैसे वाया जातात. मग हजार लिटरमागे पाच-सहा ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे 50,000 लिटरच्या पुलाला साधारण 300 ग्रॅम. पंप चालू ठेवायचा. डाग पाण्यात उतरतात. पण लोह गेलेलं नाही, ते पुन्हा पाण्यात विरघळलंय! म्हणून त्याला धरून ठेवणारं सिक्वेस्ट्रंट टाकायचं, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली, त्याचं माप) 7.2 च्या आसपास ठेवायचा आणि क्लोरीन थोडं थोडं करत वर आणायचं. एकदम भरपूर टाकलंत तर डाग परत येतील. आणि क्लोरीन पुन्हा पुरेसं होईपर्यंत पुलात कुणीही उतरायचं नाही, लहान मुलं तर नाहीच.

त्याहून चांगला उपाय भरण्याआधीचा आहे. बोअरवर लोह काढणारा फिल्टर बसवा. नाहीतर उघड्या टाकीत वरून धार पाडत पाणी सोडा, हवा लागू द्या, तांबडा गाळ बसू द्या आणि वरचं पाणी पुलात घ्या.

आता क्लोरीनकडे. मोजमाप लक्षात ठेवायला सोपं आहे. हजार लिटरमध्ये एक ग्रॅम शुद्ध क्लोरीन म्हणजे एक पीपीएम. आपल्याला मुक्त क्लोरीन, म्हणजे घाणीशी बांधलं न गेलेलं, किमान एक हवं, पाण्यात उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर असेल तर किमान दोन. पण नुसता हा आकडा पुरत नाही. जंतू मारतं ते हायपोक्लोरस ॲसिड, आणि ते किती असेल हे पीएच ठरवतो. 7.5 ला क्लोरीनपैकी जवळजवळ निम्मं या कामाच्या रूपात असतं. 8 ला गेलात की चौथा भागच उरतो. म्हणून पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या पुलातलं क्लोरीन तासाभरात निम्म्याच्या खाली येतं. त्यासाठी सायन्युरिक ॲसिड असतं, तेच स्टॅबिलायझर, क्लोरीनवर धरलेली छत्री म्हणा. 30 ते 50 पीपीएम पुरे. अडचण अशी की आपल्याकडे सगळे टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) ही क्लोरीनची पावडर वापरतात आणि टीसीसीएमध्ये ही छत्री आधीच मिसळलेली असते. त्यातून दहा पीपीएम क्लोरीन दिलंत की सहा पीपीएम सायन्युरिक पाण्यात जमा होतं. क्लोरीन खर्च होतं, सायन्युरिक उडून जात नाही. रोज दोन पीपीएमचा खर्च धरला, तर महिन्याला छत्तीस. फेब्रुवारीत सुरू केलंत तर मे संपता संपता दीडशेच्या जवळ. तिथे क्लोरीन दोन दिसत असलं, तरी ते जवळपास निष्क्रिय असतं. पूल हिरवा होतो, किट क्लोरीन दाखवतं आणि केअरटेकर बिचारा शिव्या खातो. त्याची चूक नाही. त्याला हे कुणी सांगितलेलंच नाही. अशा वेळी हायपो, म्हणजे पातळ सोडियम हायपोक्लोराइट, किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइटवर या.

किटबद्दल एक सांगतो. पिवळा रंग देणारे थेंब एकूण क्लोरीन दाखवतात. त्यात घाम आणि लघवीशी बांधलं गेलेलं, निकामी क्लोरीनही धरलेलं असतं. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो तो त्याचाच. वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झालं, असं समजून लोक टाकणं थांबवतात आणि नेमकं उलटं होतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. मुक्त आणि एकूण दोन्ही कळतं. फक्त क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उडून पाणी रंगहीन दिसतं. शंका आली की नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा तपासा.

इथे मला सगळ्यांचं पूर्ण लक्ष हवं. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, एका मापात, एका ओल्या बादलीतसुद्धा एकत्र येऊ देऊ नका. आग लागते, स्फोट होतो. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी कधीच ओतायचं नाही. आणि मालकांनो, हातमोजे, चष्मा आणि मास्क आणून द्या. तो खर्च तुमचा आहे.

सायन्युरिक कमी करायचा खात्रीचा मार्ग एकच, पाणी बदलणं. पण पूल एकदम रिकामा करू नका, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, आतून वजन नसलं तर तो दाब अख्खा पूल वर उचलू शकतो, तळाला तडे जातात. दिवाळीनंतर, एका वेळी तिसरा हिस्सा काढा. ते पाणी नारळ-सुपारीच्या वाडीत किंवा ओढ्यात सोडण्याआधी डीपीडीने तपासा. क्लोरीन शून्य दिसेपर्यंत थांबा, घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट टाकून ते मारा.