पाठीवरची गोम : सिंहाला थोपवणाऱ्या कुत्र्याची निवड

श्रोतेहो, नमस्कार.

सिंह, रानडुक्कर, अस्वल अशा मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी कुत्रा कसा निवडत असतील, असे कोणालाही विचारले तर उत्तरात पहिला शब्द येतो तो धाडस. धाडस हवेच, यात शंका नाही. परंतु ज्यांनी अशा शिकारीत आयुष्य घालवले त्यांनी कुत्र्याच्या निवडीत धाडसाला पहिला मान दिलेला दिसत नाही. दीडशे किलोंहून अधिक वजनाच्या सिंहापुढे पस्तीस किलोंचा कुत्रा अंगाला अंग भिडवून उभा राहिला, तर त्याचे धाडस त्याला वाचवू शकत नाही आणि मालकाच्याही उपयोगी पडत नाही. त्या शिकाऱ्यांचा पहिला प्रश्न असे तो कामाचा : या कुत्र्याने जनावराचा माग काढायचा आहे, त्याला जागच्या जागी थोपवायचे आहे, की जबड्यात धरून ठेवायचे आहे?

ही तीन कामे एकमेकांपासून फार वेगळी आहेत. माग काढणाऱ्या कुत्र्याला तीक्ष्ण नाक आणि अखंड चिकाटी लागते. थोपवणाऱ्याला आवाज, चपळाई आणि अंतर राखण्याचे भान लागते. नॉर्वेतील एल्कहाउंड हा करड्या, दाट केसांचा, वळलेल्या शेपटीचा मध्यम बांध्याचा कुत्रा एल्क नावाच्या प्रचंड हरणाला अंगाला न शिवता केवळ भुंकून आणि पुढे-मागे नाचून एका जागी गुंतवून ठेवतो आणि शिकारी त्या भुंकण्याच्या रोखाने चालत येतो. धरणाऱ्या कुत्र्याला मात्र रुंद छाती, भक्कम मान आणि एकदा मिटला की न सुटणारा जबडा लागतो. तिन्ही गुण एकाच कुत्र्यात पूर्ण मापाने उतरवणे जवळजवळ अशक्य असते, कारण एक वाढवला की दुसरा कमी होतो. संकराचा सगळा विचार या अडचणीतून सुरू झाला. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून मी आज आफ्रिकेच्या दक्षिण भागातील ऱ्होडेशियन रिजबॅक या जातीविषयी सविस्तर बोलणार आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या टोकाकडील प्रदेशात खोईखोई हे गुरे पाळणारे लोक राहत असत. त्यांच्याजवळ सडपातळ, काटक कुत्रे होते आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर कण्यालगत केसांची एक पट्टी उलट्या दिशेने, म्हणजे शेपटीकडे न वळता मानेकडे वळलेली असे. युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या शेतकऱ्यांनी आपल्याबरोबर ग्रेहाउंड, मॅस्टिफ, बुलडॉग, टेरियर अशा जातींची कुत्री आणली होती. या पाहुण्या कुत्र्यांत वेग होता, ताकद होती. परंतु आफ्रिकेचे ऊन, पाण्याची टंचाई आणि गोचिडांपासून होणारे ताप त्यांना सोसत नसत. स्थानिक कुत्री या सर्वांतून पिढ्यान्‌पिढ्या तावून निघालेली होती. दोन्हींचा संकर प्रथम कोणी ठरवून केला नाही. शेतावर, गाड्यांच्या तळांवर तो आपोआप होत गेला आणि जी पिल्ले जगली व कामाला आली, ती पुढे वाढवली गेली.

ठरवून केलेली पैदास १८७०च्या दशकानंतरची आहे. चार्ल्स हेल्म नावाच्या मिशनऱ्याने केप प्रांतातील स्वेलेनडॅम येथून दोन कुत्री आजच्या झिंबाब्वेतील, म्हणजे पुढे ऱ्होडेशिया म्हटल्या गेलेल्या प्रदेशातील, बुलावायोजवळच्या होप फाउंटन या मिशनच्या ठाण्यावर नेली. त्याच परिसरात कॉर्नेलियस व्हान रूयेन हा मोठ्या जनावरांचा नामांकित शिकारी राहत असे. त्याने हेल्मच्या कुत्र्यांशी आपल्या टोळीतील कुत्र्यांचा संकर करून पाहिला आणि पुढील कित्येक वर्षे तो त्यांतून निवड करीत राहिला. पाठीवर पट्टी असलेली कुत्री सिंहाच्या शिकारीत अधिक उपयोगी ठरतात, असे त्याच्या ध्यानात आले असे सांगतात. त्यांना त्या काळी लोक सरळ सिंहकुत्रे म्हणत असत.

या कुत्र्यांचे काम नेमके काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘सिंहाची शिकार करणारा कुत्रा’ या शब्दांनी भलतेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. दोन-चार कुत्री सिंहाला गाठत, त्याच्याभोवती फिरत, एक समोरून हूल देई तेव्हा दुसरे मागून येई, आणि सिंहाचा पंजा उचलला जाताच ते उडी मारून बाजूला सरत. सिंहाचे सारे लक्ष कुत्र्यांवर खिळून राही आणि घोड्यावरून मागे येणाऱ्या शिकाऱ्याला नेम धरण्याइतका वेळ मिळे. सिंहाला मारणे हे कुत्र्याचे काम कधीच नव्हते. ज्या पिल्लात बुलडॉगचा हट्ट अधिक उतरला असेल ते सिंहाला चिकटून राही आणि पहिल्या-दुसऱ्या शिकारीतच प्राणाला मुके. ज्यात भित्रेपणा अधिक असेल ते दुरून भुंके आणि सिंह त्याच्याकडे लक्षही न देता निघून जाई. या दोहोंच्या मधल्या मापाचा कुत्रा, जो घोड्याबरोबर दिवसभर धावू शकतो, जवळ जातो पण पंजाच्या कक्षेत थांबत नाही, तो पुढच्या वेताचा बाप होण्यासाठी उरत असे. या निवडीत माणसाइतकाच वाटा सिंहाचा होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९२२ साली बुलावायो येथे फ्रान्सिस बार्न्स यांच्या पुढाकाराने या जातीचे पहिले प्रमाण, म्हणजे तिचा कुत्रा कसा असावा याचे वर्णन, लिहिले गेले. त्यासाठी त्यांनी डाल्मेशियन जातीच्या प्रमाणाचा आधार घेतला आणि १९२६ साली दक्षिण आफ्रिकेच्या केनेल युनियनने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, त्याला मान्यता दिली. आजच्या प्रमाणानुसार नराची उंची ६३ ते ६९ सेंटिमीटर व मादीची ६१ ते ६६ सेंटिमीटर असावी लागते. मात्र या जातीची ओळख ठरली ती पाठीवरची पट्टी. ती खांद्यांच्या लगेच मागे सुरू व्हावी, निमुळती होत कमरेपर्यंत जावी आणि तिच्या वरच्या भागात समोरासमोर दोन सारखे भोवरे असावेत, असा नियम झाला.

येथे आपल्या गावाकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. बैल किंवा घोडा विकत घेताना आपल्याकडे जाणती माणसे जनावराच्या अंगावरचे भोवरे मोजतात आणि उलट्या केसांच्या ओळीला गोम म्हणतात. ‘खरी गोम इथेच आहे’ असे आपण दडलेल्या दोषाविषयी बोलताना म्हणतो, ते याच पारखीतून आले आहे. रिजबॅकच्या पाठीवरची पट्टी ही अक्षरशः गोम आहे. तिकडे ती कुलीनतेची खूण मानली गेली, आपल्याकडे कदाचित ती पाहून गिऱ्हाईक मागे फिरले असते.

आणि या गोमेत खरोखरच एक दोष दडलेला निघाला. या जातीच्या काही पिल्लांच्या मानेवर किंवा शेपटीच्या बुडाशी त्वचेतून आत कण्याकडे जाणारी एक बारीक नळी जन्मतःच असते. पशुवैद्यक तिला डर्मॉइड सायनस म्हणतात. गर्भात त्वचा आणि मज्जारज्जू यांची फारकत पुरी न झाल्याने ती उरते; तिच्यात केस व मळ साठून पू होतो आणि नळी खोल असेल तर जंतुसंसर्ग मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे सिद्ध झाले की, पाठीवरची पट्टी गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झाल्यामुळे उमटते आणि हा तुकडा आई व बाप या दोघांकडूनही आलेल्या पिल्लांमध्ये डर्मॉइड सायनसचा धोका अधिक असतो. एकाच पालकाकडून तो आला तरी पट्टी उमटते. याचा अर्थ असा की, पट्टी नसलेला निरोगी रिजबॅक पैदाशीत घेतला तर त्या वेतातील एकाही पिल्लात हा तुकडा दोन्ही बाजूंनी येत नाही. परंतु कितीतरी वर्षे पट्टी नसलेली पिल्ले सदोष समजून पैदाशीतून बाद केली गेली, अनेक ठिकाणी जन्मतःच मारलीही गेली. व्हान रूयेनच्या काळी कामाने होणारी निवड प्रदर्शनाच्या मैदानात खुणेने होऊ लागली, आणि तिची किंमत त्या पिल्लांनी दिली. हे वाचले तेव्हापासून माझ्या मनातून ते गेलेले नाही.

आता याच्या अगदी उलट दिशेने घडवलेला दोगो अर्जेंटिनो हा कुत्रा पाहू. अर्जेंटिनामध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीच्या हौसेसाठी युरोपातून रानडुकरे आणून ला पाम्पा भागात सोडण्यात आली आणि ती पुढे दूरवर पसरली. कोर्दोबा शहरातील अंतोनियो नोरेस मार्तिनेस या तरुणाने १९२०च्या दशकात भाऊ अगुस्तिन याच्या साथीने अशा डुकराला व प्यूमा नावाच्या मोठ्या रानमांजराला पकडून धरील असा कुत्रा घडवण्यास प्रारंभ केला. अंतोनियो पुढे डॉक्टर झाले. मुळाशी होता कोर्दोबाचा झुंजीचा कुत्रा. तो वेदनेला दाद देत नसे. मात्र इतर कुत्र्यांवर इतका तुटून पडे की त्याला टोळीत सोडणे अशक्य होते. शिकारीत तर चार-पाच कुत्र्यांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करून एकाच जनावराला धरायचे असते. म्हणून त्यात एकेक रक्त मोजून मिसळले गेले : उंचीसाठी ग्रेट डेन, वेगासाठी आयरिश वुल्फहाउंड, सौम्यपणा व उत्साह यांसाठी बॉक्सर, निर्भयतेसाठी बुल टेरियर, जबड्यासाठी दोग द बोर्दो, अंगभरणीसाठी पिरेनीज भागातील मॅस्टिफ. पॉइंटरची निवड मला या सर्वांत अधिक विचारपूर्वक वाटते. जमिनीवरचा माग हुंगत जाणारा कुत्रा डुकराने काढलेल्या वळणांतून फिरत राहतो. पॉइंटर मान वर करून वाऱ्यातून गंध घेतो आणि सरळ रेषेत पोहोचतो. दाट काटेरी रानात डुकराला गाठायचे तर हा गुण आवश्यकच होता.

हा कुत्रा पूर्ण पांढरा ठेवला गेला, कारण झुडपांच्या गर्दीत डुकराशी झोंबणारा कुत्रा शिकाऱ्याला स्पष्ट दिसला पाहिजे. कारण योग्य होते, पण त्याचीही किंमत द्यावी लागली. आतल्या कानाचे काम चालू राहण्यासाठी तेथे रंगपेशी लागतात. अंगभर पांढऱ्या कुत्र्यांत त्या कधी कधी कानात पोहोचत नाहीत आणि पिल्लू काही आठवड्यांतच एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे होते. दोगो अर्जेंटिनो या नावाने या जातीला १९६४ साली अर्जेंटिनातील केनेल संस्थेची आणि १९७३ साली आंतरराष्ट्रीय केनेल महासंघाची मान्यता मिळाली. अंतोनियो ते पाहण्यास नव्हते. १९५६ साली शिकारीला गेले असताना त्यांची हत्या झाली होती.

एवढी वर्षे का लागतात, हेही सांगायला हवे. दोन वेगळ्या जातींच्या पहिल्या संकरातील पिल्ले बहुधा दणकट आणि बरीचशी एकमेकांसारखी निघतात, आणि नवखा पैदासकार तेथेच फसतो. तीच पिल्ले आपसांत जुळवली की दुसऱ्या पिढीत सारे गुण विखुरतात : एकाला ग्रेहाउंडचे पाय येतात पण नाक येत नाही, दुसऱ्याला जबडा येतो पण दम येत नाही. हवा तो मेळ प्रत्येक वेतात उतरू लागेपर्यंत अनेक पिढ्या जातात, आणि या काळात कोणत्या पिल्लांना मागे सारायचे याचा निर्णय कठोरपणे घ्यावा लागतो.

आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा या दोन्हींपेक्षा निराळा. लातूर, सोलापूर, बीड या भागांत आणि कर्नाटकात मुधोळकडे पाळला जाणारा हा लांब पायांचा, खोल छातीचा कुत्रा डोळ्यांनी सावज हेरून वेगाने गाठणारा आहे. उघड्या माळावरील सशामागे त्याच्यासारखा दुसरा नाही. पण डुकराच्या सुळ्यांपुढे त्याची पातळ कातडी आणि हलकी हाडे टिकणारी नव्हेत. रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी अफगाण प्रदेशातील ताझी कुत्र्यांचा इंग्लिश ग्रेहाउंडशी संकर करून रामपूर हाउंड घडवला, तो पहिल्याचा काटकपणा व दुसऱ्याचा वेग एकत्र आणण्यासाठी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात कुत्र्यांकरवी शिकार करण्याचा मार्ग बंद केला आणि ते योग्यच झाले. कुत्री मात्र राहिली आहेत, आणि त्यांच्या अंगात त्या निवडीचे गुणही राहिले आहेत.

आज पुण्या-मुंबईत रिजबॅक किंवा दोगो पाळण्याची इच्छा धरणारे लोक भेटतात. सिंहाभोवती दिवसभर फिरण्यासाठी घडवलेले शरीर दोन खोल्यांच्या घरात अस्वस्थ होते आणि डुकराला धरण्यासाठी घडवलेला जबडा अननुभवी हातात धोक्याचा ठरतो, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे लागते. तरीही कोणी मोकळ्या जागेत रिजबॅक आणणारच असेल, तर पैसे देण्यापूर्वी पिल्लाला मांडीवर घ्यावे, मानेवरची कातडी चिमटीत हळूच उचलावी आणि तेथून शेपटीच्या बुडापर्यंत कण्याच्या रेषेवर बोटे फिरवावीत. कातडीखाली दोऱ्यासारखी ताठ गाठ लागली, तर पशुवैद्यकाला दाखवल्यावाचून व्यवहार पुरा करू नये. दोगोच्या बाबतीत दोन्ही कानांची, आवाजाला मेंदूतून येणारे संकेत मोजणारी, विद्युत्‌चाचणी झाल्याचा दाखला मागावा, कारण एका कानाने बहिरे असलेले पिल्लू हाकेला ओ देते आणि नुसत्या टाळीच्या परीक्षेत तो दोष उघडकीस येत नाही.