प्रोजेक्टरला काळोख जमत नाही

माईक मागेपर्यंत येतोय ना? बरं. आधीच सांगते, मी समीक्षक वगैरे कोणी नाही, शाळेत चित्रकला शिकवते, दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवते, त्यामुळे माझं बोलणं जरा फळ्यासमोरचं वाटलं तर चालवून घ्या. वाचनालयाच्या मंडळींना कळलं की मी ते व्हॅन गॉगचं डिजिटल प्रदर्शन बघून आले, ते म्हणाले बोला त्याच्यावर. मी म्हटलं बोलते, पण कौतुकच करीन असं नाही हां. (नावाचं पण एकदा मिटवून टाकूया. डच लोक म्हणे 'फान खोख' असं काहीतरी म्हणतात, घशातून. आपल्याला जमायचं नाही. तो स्वतः चित्रावर नुसतं 'व्हिन्सेंट' अशी सही करायचा, मी पण व्हिन्सेंटच म्हणणारे.)

तर आम्ही तिघी गेलो. मी, माझी अकरावीतली लेक आणि गिरगावची मावशी. मावशी चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे कुरकुरतात, पण कुठे जायचं म्हटलं की आमच्या आधी चपला घालून दारात उभी. रविवार, त्यात मेगाब्लॉक, मुलुंडहून पोचेपर्यंत आमचा निम्मा उत्साह लोकलमध्येच सांडला होता. तिकिटाचा आकडा सांगत नाही, मावशीला अजून खरा सांगितलेला नाहीये.

आत गेलं की पहिल्यांदा एक अरुंद पॅसेज लागतो, त्यात फलक, त्याच्या आयुष्याची माहिती. जन्म ३० मार्च १८५३, हॉलंडमधल्या पाद्र्याच्या घरात. आधी चित्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरी, मग शिक्षकी, मग बेल्जियमच्या कोळसा खाणीत धर्मप्रचार, सगळीकडून बाहेर, आणि सत्ताविसाव्या वर्षी ठरवलं की आपण चित्रकार. सदतिसाव्या वर्षी गेला. म्हणजे सगळी कारकीर्द दहा वर्षांची आणि त्यात आठशेच्या वर तैलचित्रं, ड्रॉइंग्ज वेगळी. हे फलक वाचायला कोणी थांबत नव्हतं कारण मागून रेटा होता आणि पुढून म्युझिक ऐकू येत होतं.

मग मोठा हॉल. चारही भिंती आणि जमीन, सगळीकडे चित्र. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा छातीत धस्स झालं. पायाखालून गव्हाचं शेत सरकतंय, मावशीने माझा दंड धरला, म्हणाली अगं पडेन मी. तिला एका कडेला बीनबॅगवर बसवलं, त्याच्यात ती एवढी रुतली की नंतर उठवायला दोघी लागलो.

हे चालतं कसं ते मला बघायचंच होतं, मास्तरकीची खोड. छताला प्रोजेक्टर टांगलेले असतात, मी सव्वीसपर्यंत मोजले आणि मान दुखली म्हणून सोडून दिलं. एक प्रोजेक्टर अख्खी भिंत झाकू शकत नाही, म्हणून शेजारशेजारचे दोन थोडेसे एकमेकांवर चढवतात आणि कडेला दोघांचा उजेड हळूहळू कमी करत नेतात, म्हणजे सांधा दिसू नये, रांगोळीत दोन रंग बोटाने मिसळतो ना तसं. इथे एका ठिकाणी ते नीट बसलं नव्हतं, सूर्यफुलांच्या बरोब्बर मधून एक उभा पांढुरका पट्टा. लेक म्हणाली आई तुला तेवढंच दिसतं का गं. हो, मला तेवढंच दिसतं.

आणि मग तारांकित रात्र सुरू झाली. ते निळं भोवऱ्यांचं आकाश, ते सगळ्यांना माहीत आहे, मोबाईलच्या कव्हरवर असतं. सगळे फोन वर. आणि ऐन रंगात आलेलं असताना समोरच्या भिंतीवर, आकाशाच्या मधोमध, एक निळा चौकोन आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात 'नो सिग्नल'. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टॅब घेतलेला एक मुलगा धावत आला, त्याने कायतरी दाबलं आणि तो प्रोजेक्टर बंदच झाला. आता तिथे नुसता चौकोन. मी अगदी जवळ होते, त्या चौकोनात भिंतीचा चुना दिसत होता, प्लायच्या फळ्यांचा जोड, स्क्रूची डोकी, कोणाच्या तरी बॅगचा ओरखडा. आणि तो चौकोन काळा नव्हता. बाकीच्या भिंतींचा उजेड त्याच्यावर येत होता, तो आपला राखाडी, पावसाळी आभाळासारखा.

माझी ट्यूब तिथे पेटली. प्रोजेक्टरला काळा रंग नसतो हो. त्याला फक्त उजेड टाकता येतो, काळं दाखवायचं म्हणजे उजेड नाही टाकायचा, बस. आणि भिंत पांढरी, आजूबाजूला झगमगाट, मग तुमचं काळं किती काळं होणार? त्या चौकोनाएवढं. तैलचित्राचं उलट असतं, तिथे काळा म्हणजे खराखुरा रंग, कॅनव्हासवर बसलेला, पडलेला उजेड खाऊन टाकणारा.

आता बघा, 'बटाटे खाणारे' नावाचं त्याचं चित्र आहे, १८८५ चं, हॉलंडमधल्या न्यूनेन गावचं. रात्रीची वेळ, एकच दिवा, एक शेतकरी कुटुंब टेबलाभोवती बसून बटाटे खातंय. त्याच्या आधी हिवाळाभर तो गावातल्या माणसांची तोंडं आणि हात रंगवत बसला होता. भावाला पत्रात लिहितो की ताटात जे हात घातलेत त्याच हातांनी ह्यांनी जमीन खणलीय, हे मला दाखवायचंय. आणि रंग कसला, तर न सोललेल्या, धूळ लागलेल्या बटाट्याचा. म्हणजे चित्र काळोखंच हवं, मुद्दामहून. आता हे प्रोजेक्टरवर टाका. आमटीत पाहुण्यांसाठी पाणी वाढवावं तसं झालं होतं ते, पातळ, हिरवट. तीस सेकंद ठेवलं असेल, त्यात दिव्याची ज्योत हलवली आणि लगेच पॅरिस, फुलं, उजेड. माझ्या मते आयोजकांना पण कळत असणार की हे इथे उठत नाही, म्हणून उरकून टाकलं.

पण तेवढ्या तीस सेकंदात बीनबॅगमधून मावशी म्हणाली, "ह्यांची बोटं बघ. हाडं दिसतायत." आणि मग, "चित्र गेलं पण लगेच." तिला त्याचं पत्र माहीत नाही, तिने पॅसेजमधलं काही वाचलं नव्हतं. पण जिच्या हाताला चाळीस वर्षं पोळपाट-लाटणं लागलंय ती बाई पहिल्यांदा हातच बघते.

त्या मानाने कानाला किती वेळ दिला म्हणता! डिसेंबर १८८८, त्याचा चित्रकार मित्र गोगँ दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी ह्याच्या पिवळ्या घरात दोन महिने राहिला, भांडण झालं, ह्याने स्वतःचा कान कापला. त्यासाठी विजा, ढग, लाल रंग, सगळं. मग गव्हाच्या शेतावर कावळे उडाले, धाड करून आवाज आणि सगळं शांत, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं हेच शेवटचं चित्र. तसं नाहीये. अॅमस्टरडॅमला त्याच्याच नावाचं म्युझियम आहे, तिथले अभ्यासक झाडांच्या मुळांचं एक चित्र शेवटचं धरतात. उतारावरची मुळं, खोडं, निळा-हिरवा गुंता, त्याच्यात उडवायला काही नाही. आणि शेवटचे जे सत्तर दिवस तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावात होता त्यात त्याने दिवसाला एक ह्या हिशोबाने चित्रं काढलीत. कामाला जुंपलेला माणूस आहे हा. वेड्याच्या सिनेमात ते बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल बाई नाकं मुरडतायत. नाही हो. आपण सगळे नकलांवरच वाढलोय. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला तो आपल्या गिरगावातच, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्याची लक्ष्मी घराघरात पोचली. मावशीच्या चाळीतल्या खोलीत अजून आहे, काचेत ओल गेलीय. अस्सल चित्र आमच्यापैकी कोणी पाहिलंय? पण उदबत्ती रोज लागते. त्यामुळे नकलेला माझा विरोध नाही, मोठी केली म्हणून पण नाही. फक्त ती भिंतभर तारांकित रात्र खरी केवढी आहे ते कोणीतरी सांगायला हवं होतं. ७४ सेंटीमीटर बाय ९२. आपल्या त्रेचाळीस इंची टीव्हीएवढी रुंद, उंचीला वीतभर जास्त. न्यूयॉर्कला आहे. कानाच्या प्रकरणानंतर तो ज्या मनोरुग्णांच्या इस्पितळात होता तिथल्या खिडकीतून दिसलेलं आकाश, पण काढलंय दिवसा, खालच्या खोलीत, आठवून.

आणि रंगाचा थर. तो एवढा जाड रंग लावायचा की त्याला उंचसखल असतं, बाजूने उजेड पडला की सावली पडते. उघड्यावर बसून काढायचा, वारा, धूळ सगळं आत. समुद्रकिनाऱ्याच्या एका चित्रात खरी वाळू अडकलीय. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या म्युझियममध्ये त्याचं ऑलिव्हच्या झाडांचं चित्र आहे, २०१७ मध्ये तिथल्या लोकांना त्या रंगात एक वाळलेला नाकतोडा सापडला. सव्वाशे वर्षं चिकटून बसलेला! आमच्या वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरची पोरं पण पुढे आली. कधी काळा घोड्याला गेलात तर म्युझियममध्ये कुठलंही तैलचित्र समोरून बघून झालं की कडेला जाऊन तिरकं बघा, वॉचमन बघत राहील, बघू दे.

एक विचारतात मला, सगळीकडे ह्याचंच प्रदर्शन का, आपल्या गायतोंड्यांचं, म्हणजे अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं, का नाही. सरळ आहे, कॉपीराइट. आपल्याकडे कलाकार गेल्यावर साठ वर्षं तो राहतो, गायतोंडे २००१ ला गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत परवानग्या काढा, पैसे द्या. व्हिन्सेंट १८९० ला गेला, कोणाला विचारायचं कारण नाही. शिवाय त्याच्या फटकाऱ्यांना दिशा असते, कॉम्प्युटरला ते हलवायला सोपं जातं. गायतोंड्यांचं काय हलवणार, आणि का?

बाहेर पडताना मावशीने विचारलं, "लग्न नव्हतं झालं त्याचं, मग एवढी चित्रं सांभाळली कोणी?" मी इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, मला शाळेत कोणी हे विचारलेलं नाही. तर ऐका. त्याला पैसे पुरवायचा तो धाकटा भाऊ थिओ. व्हिन्सेंट जुलै १८९० मध्ये गेला आणि सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये, थिओ पण. मागे राहिली थिओची बायको योहाना, वय अठ्ठावीस, पदरी वर्षाचं पोर आणि घरभर कोणी विकत घेत नसलेली चित्रं. लोक म्हणाले काढून टाक. तिने काय केलं, बुसुम नावाच्या गावात घर घेतलं, बोर्डिंग चालवलं, पाहुणे ठेवायचे, त्यांचं जेवणखाण, वर भाषांतरांची कामं, आणि भिंतींवर चित्रं. एकेक चित्र कोणाला, कधी, केवढ्याला द्यायचं ह्याचा तिचा हिशोब होता. १९०५ मध्ये अॅमस्टरडॅमला मोठं प्रदर्शन भरवलं, १९१४ मध्ये दीराची पत्रं छापून आणली. ती पत्रं म्युझियमने आता ऑनलाईन फुकट ठेवलीत, इंग्रजीत आहेत, वाचा. आणि ते जे पोर, त्याचं नाव पण व्हिन्सेंटच, त्याच्या जन्माचं कळल्यावर काकाने बदामाच्या फुलांचं चित्र काढलं, निळ्यावर पांढरी फुलं. खरं तर गुलाबी होती ती, तो लाल रंग कच्चा, वर्षानुवर्षांच्या उजेडाने उडाला. मोठेपणी त्या पुतण्याने सगळा संग्रह एकत्र ठेवला, म्हणून १९७३ मध्ये अॅमस्टरडॅमचं म्युझियम उघडलं.

बदामाची फुलं प्रदर्शनात होती, पाकळ्या जमिनीवर पडत होत्या, पोरं त्या पकडायला धावत होती, फार गोड दिसत होतं. योहाना मात्र त्या पॅसेजमधल्या एका फलकावर, खालच्या दोन ओळीत. मी परत आत जाऊन बघून आले. मावशीला सांगितलं सगळं टॅक्सीत. तिने काकांच्या मागे गिरगावात बावीस वर्षं डबे केलेत. ती एवढंच म्हणाली, "बोर्डिंगमध्ये माणसं किती असायची गं?" मला नव्हतं सांगता आलं.

हां, टॅक्सीच्या आधी दुकान. बाहेर पडायचा रस्ताच दुकानातून. सूर्यफुलांचे मग, तारांकित छत्र्या, मोजे. मावशीने काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "ते बटाट्याचं आहे का?" तो बिचारा गोंधळला, मग आठवलं त्याला, म्हणाला, "मॅम, वो कोई लेता नहीं."

मग मीच म्युझियमच्या साइटवरून ते चित्र उतरवून घेतलं आणि आमच्या स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री कलर प्रिंट काढायला दिलं. त्याने स्क्रीनवर बघितलं, डोळे बारीक केले, म्हणाला मॅडम फार डार्क आहे, काही दिसणार नाही, ब्राइटनेस वाढवू का थोडा? मी म्हटलं नको रे बाबा, आहे तसंच दे. मावशीने ते स्वयंपाकघरात लावलंय, मिक्सरच्या वर. लक्ष्मी बाहेरच्या खोलीत आहे.

चला, प्रश्न असतील तर विचारा, नाहीतर तिकडे चहा झालेला दिसतोय.